फायनान्ससाठी बारावीनंतर परदेशात जायचंय? युनिव्हर्सिटी सगळ्यात शेवटी निवडा

माझ्याकडे बडोद्यात अकरावी-बारावीची मुलं गणित आणि स्टॅटला येतात, बरीचशी दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, कारेलीबाग भागातली आपली मराठी घरं, आणि हल्ली दर बॅचमध्ये दोन-तीन आईवडील तरी विचारतातच की मुलाला फायनान्समध्ये जायचंय, इथल्या एम.एस. युनिव्हर्सिटीत बीकॉम करत सीए करावं की डायरेक्ट बाहेर ग्रॅज्युएशनला पाठवावं, आणि पाठवायचं तर कुठली युनिव्हर्सिटी चांगली. सगळे रँकिंगची यादी हातात घेऊनच बसलेले असतात. माझं म्हणणं एकच आहे आणि खालचं सगळं त्यावरच चालतं: आधी काम ठरवा, मग ते काम कुठल्या शहरात मिळतं ते बघा, मग त्या देशात डिग्रीनंतर राहून काम करायला किती दिवस देतात ते बघा, आणि मग त्यातनं युनिव्हर्सिटी काढा. रँकिंगवरून सुरुवात केली की चार वर्षांनी नोकरीची वेळ आली की मगच कळतं की कॉलेज भारी होतं पण नोकरी देणारे तिथे येतच नाहीत, किंवा येतात पण व्हिसा स्पॉन्सर करत नाहीत.

पायरी १: फायनान्स म्हणजे नक्की कुठलं काम

"फायनान्स" हे फार ढोबळ झालं. इन्व्हेस्टमेंट बँकिंग म्हणजे कंपन्यांची खरेदी-विक्री, शेअर इश्यू, रात्र रात्र एक्सेल आणि प्रेझेंटेशन. ट्रेडिंग वेगळं, ॲसेट मॅनेजमेंट (दुसऱ्यांचे पैसे गुंतवून सांभाळणं) वेगळं. क्वांट म्हणजे जवळजवळ गणित आणि कोडिंगच, तिथे फायनान्सच्या डिग्रीपेक्षा मॅथ्स किंवा कॉम्प्युटर सायन्सची डिग्री जास्त चालते. ऑडिट-टॅक्सला आपला सीए उत्तम आहे, त्यासाठी दीड कोटी घालून बाहेर जायचं मला तरी पटत नाही. ॲक्च्युअरी (विमा-पेन्शनच्या जोखमीचं गणित करणारा) व्हायचं असेल तर परीक्षा भारतात बसूनही देता येतात.

एक गोष्ट इथे बऱ्याच जणांना माहिती नसते. लंडनमधल्या बँका डिग्रीचा विषय फारसा बघत नाहीत, इतिहास शिकलेलं मूलही बँकर होतं, पण युनिव्हर्सिटी कुठली ते बघतात. म्हणून कोर्सच्या नावात "फायनान्स" हा शब्द पायजेच असा हट्ट नको. एखाद्या साध्या युनिव्हर्सिटीतल्या "इंटरनॅशनल बँकिंग अँड फायनान्स" पेक्षा ब्रिटनमधल्या वॉरिक युनिव्हर्सिटीचं इकॉनॉमिक्स केव्हाही बरं.

मुलाला अजून नक्की माहिती नसेल तर हरकत नाही, सतराव्या वर्षी कोणालाच नसतं, पण निदान दोन पर्याय धरा, "गणिताकडचं फायनान्स" की "बिझनेसकडचं फायनान्स", एवढ्यावरही पुढची निवड होते.

पायरी २: गणित, आणि हे दहावीनंतर लगेच बघायचं

जे अजून दहावीत आहेत त्यांनी हे दोनदा वाचा. गुजरात बोर्डाच्या कॉमर्समध्ये अकाउंट, स्टॅट, इको, बीए (बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन) असे विषय असतात, त्यात स्टॅटिस्टिक्स आहे पण गणित नाही. आणि बाहेरच्या चांगल्या इकॉनॉमिक्स-फायनान्स कोर्सला बारावीचं पूर्ण गणित लागतं, केंब्रिज, एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स), वॉरिक सगळीकडे. स्टॅटमध्ये ९८ असले तरी ते गणित धरत नाहीत. सीबीएसईवाल्यांसाठी सुद्धा सूचना: तिथे "मॅथेमॅटिक्स" आणि "अप्लाइड मॅथेमॅटिक्स" असे दोन वेगळे विषय आहेत, आणि बऱ्याच युनिव्हर्सिटी अप्लाइडला गणिताच्या जागी घेत नाहीत. शाळेत विचारलं तर "दोन्ही सारखंच" असं उत्तर मिळतं, ते सारखं नाहीये. म्हणून अकरावीचा फॉर्म भरताना एकतर सायन्समध्ये गणित घ्या, किंवा सीबीएसई, आयएससी अशा बोर्डाच्या कॉमर्समध्ये मेन मॅथ्स घ्या.

आणि ज्यांचं ऑलरेडी स्टॅटवर झालंय त्यांनी घाबरायचं नाही, पण दारं कमी होतात हे समजून घ्या. त्यांच्यासाठी बिझनेस, अकाउंटिंग-फायनान्सचे काही कोर्स उरतात, नाहीतर इथे एम.एस. युनिव्हर्सिटीत बीकॉम करून मास्टर्सला बाहेर जाणं. खर्च निम्म्याहून कमी, वय थोडं जास्त, समज जास्त. हा कमीपणाचा रस्ता अजिबात नाही.

स्टेट बोर्डाचे मार्क कसे धरतात तेही प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या "इंडिया" पानावर लिहिलेलं असतं. काही ठिकाणी सीबीएसईला ९० मागतात तर स्टेट बोर्डाला त्याहून जास्त, काही स्टेट बोर्ड घेतच नाहीत, ते नीट वाचा.

पायरी ३: देश, म्हणजे खरं तर व्हिसा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि ह्यावरच सगळ्यात कमी वेळ दिला जातो. हे नियम दर वर्षी हलतात, त्यामुळे अर्जाच्या वर्षी सरकारी साइटवर परत बघायचेच.

ब्रिटन: डिग्री तीन वर्षांची, त्यामुळे एक वर्षाचा खर्च वाचतो. नंतर ग्रॅज्युएट रूटवर, म्हणजे डिग्रीनंतर राहून काम करायच्या व्हिसावर, आत्तापर्यंत दोन वर्षं मिळत होती, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बॅचलर्स-मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच मिळणार. म्हणजे आज बारावीत असलेलं मूल १८ महिन्यांच्याच हिशोबात येतं. त्यात स्किल्ड वर्कर व्हिसा देणारी नोकरी शोधायची, त्याची किमान पगाराची साधारण अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे, नवख्यांना सवलतीने ३३,४०० चालतो. मोठ्या बँकेच्या फ्रंट ऑफिसला (थेट क्लायंट आणि सौदे सांभाळणाऱ्या कामाला) हा आकडा अडचण नाही, पण लहान गावातल्या अकाउंटिंग फर्मला आहे. म्हणून ब्रिटनला जायचं तर लंडनच्या बँका जिथे रिक्रूट करायला जातात तीच पाच-सात नावं धरा: ऑक्सफर्ड, केंब्रिज, एलएसई, इम्पिरियल, यूसीएल, वॉरिक. ह्यांच्या बाहेरूनही मुलं लागतात, पण मग मुलाने स्वतः किती धावपळ केली त्यावर असतं.

अमेरिका: चार वर्षं. डिग्रीनंतर ओपीटी, म्हणजे तिथे राहून काम करायची परवानगी, १२ महिने, आणि कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४, म्हणजे एकूण तीन वर्षं. आता खरी गंमत बघा. प्रत्येक कोर्सला सीआयपी नावाचा कोड असतो, तो विद्यार्थ्याच्या आय-ट्वेंटीवर (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या फॉर्मवर) छापलेला असतो. साधं इकॉनॉमिक्स म्हणजे ४५.०६०१, ते स्टेम नाही. "इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स" म्हणजे ४५.०६०३, ते स्टेम आहे. एकाच गावातल्या दोन कॉलेजांत वर्गात शिकवतात जवळपास तेच, पण एकाला एक वर्ष आणि दुसऱ्याला तीन. साधा फायनान्सचा कोड, ५२.०८०१, तोही स्टेममध्ये नाही. फायनान्शियल मॅथेमॅटिक्स आहे. तेव्हा ॲडमिशन ऑफिसला सरळ ईमेल करून कोड विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

पुढे एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेत नोकरी करायचा व्हिसा, तो सोडतीने मिळतो. वर्षाला ८५,००० जागा, त्यातल्या २०,००० अमेरिकेत मास्टर्स किंवा पुढे शिकलेल्यांच्या राखीव, म्हणजे बॅचलर्सवाल्याला उरलेल्या ६५,००० मध्येच नंबर लावायचा. स्टेम असेल तर तीन वेळा नशीब आजमावता येतं, नसेल तर एकदाच. सोडतीत आता जास्त पगाराच्या ऑफरला जास्त वजन आहे, म्हणजे फ्रेशरला थोडं अवघडच. सप्टेंबर २०२५ ला ह्या व्हिसावर १ लाख डॉलर फीची घोषणा झाली तेव्हा घरोघरी घबराट झाली होती, पण नंतरच्या खुलाशाप्रमाणे अमेरिकेतच शिकून तिथल्या तिथे व्हिसाचं स्टेटस बदलणाऱ्या विद्यार्थ्यांना ती लागत नाही. तरी अमेरिका धरायची तर "नाही लागला नंबर तर परत यायचं" ही तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा.

सिंगापूर, हाँगकाँग: आपल्याकडे ह्यांचा विचार फार कमी होतो आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण दोन्ही खरीखुरी फायनान्सची शहरं आहेत. सिंगापूरला एनयूएस, एनटीयू, एसएमयू ह्या युनिव्हर्सिटी. सरकारची ट्यूशन ग्रँट घेतली तर फी बरीच खाली येते, बदल्यात डिग्रीनंतर तीन वर्षं सिंगापूरच्या कंपनीत नोकरी करायचा बाँड. बाँड म्हटलं की पालक दचकतात, पण बडोद्याला हे नवीन आहे का? १९१३ साली सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला शिकायला स्कॉलरशिप दिली तेव्हाही परत येऊन संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची अट होतीच. त्यापुढे तीन वर्षं म्हणजे काहीच नाही, उलट तीन वर्षांचा अनुभवच होतो. फक्त नोकरी आपली आपण शोधायची असते, आणि वर्क पासला फायनान्स क्षेत्रात २०२५ पासून किमान ६,२०० सिंगापूर डॉलर महिना पगार लागतो, वयाप्रमाणे वाढतो. हाँगकाँगला एचकेयू, एचकेयूएसटी, तिथे डिग्रीनंतर नोकरी हातात नसतानाही दोन वर्षं राहता येतं, आणि एचकेयूएसटीचं क्वांटिटेटिव्ह फायनान्स गणितवाल्या मुलांसाठी छानच आहे. मँडरिन (चिनी भाषा) येत नसेल तर काही टीम बंद राहतात, हे खरं.

कॅनडा: चार वर्षांच्या डिग्रीवर तीन वर्षांचं वर्क परमिट. २०२४ पासून स्टडी परमिटवर मर्यादा आलीये. वॉटरलूचा को-ऑप मला सगळ्यात आवडतो, शिकता शिकता पगारी कामाच्या टर्म होतात, टोरोंटोच्या मोठ्या बँकांमध्येसुद्धा. क्वीन्स, आयव्ही (वेस्टर्न युनिव्हर्सिटीचं), रॉटमन (टोरोंटो युनिव्हर्सिटीचं) ही बाकीची नावं.

जर्मनीला सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी फी नाही, राहण्याच्या खर्चाचे वर्षाला ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला दाखवायचे, पण नुसत्या बारावीवर बऱ्याचदा थेट प्रवेश मिळत नाही, आधी स्टुडिएनकोलेग (तयारीचा कोर्स) करावं लागतं, आणि फ्रँकफर्टच्या बँकेत जर्मनशिवाय फार थोडं काम आहे. आयर्लंडला बॅचलर्सनंतर राहून काम करायला एकच वर्ष, ऑस्ट्रेलियाला दोन. इटलीतलं बोकोनी नावाजलेलं आहे, लंडनच्या बँकांत त्यांची मुलं बरीच दिसतात, पण तिथून लंडनला जायचं तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागणार.

पायरी ४: यादीतनं चाळून काढायचं

आता कुठे युनिव्हर्सिटीची नावं. एका संध्याकाळचं काम आहे, मुलाला शेजारी बसवून करा. लिंक्डइनवर युनिव्हर्सिटीच्या पानावर जा, "ॲल्युमनाय" वर क्लिक करा. तिथे वर्ष टाकता येतं, मागच्या पाच-सहा वर्षांतले टाका. मग काम "फायनान्स" निवडा, आणि कुठल्या कंपन्यांत किती जण आहेत ते पट्ट्यांमध्ये दिसतं. आता त्यातले जे भारतात शाळा शिकलेत ते शोधा. नाव भारतीय आहे एवढं पुरत नाही, तो तिथलाच नागरिक असू शकतो आणि त्याला व्हिसाचा प्रश्नच नसतो. शाळेच्या रकान्यात दिल्ली पब्लिक, पोदार, असलं काही दिसलं की ते आपलं उदाहरण. त्याने पहिली इंटर्नशिप कधी केली, दुसरी कुठे, हे खाली लिहिलेलं असतं, ते चार-पाच जणांचं वहीत उतरवून काढा, एक साचा दिसायला लागतो. असे दहा जणही सापडत नसतील तर ब्रोशरमध्ये काहीही छापलेलं असू द्या, ते नाव यादीतनं काढा.

सरकारी आकडे बघाल तर जपून. अमेरिकेच्या कॉलेज स्कोअरकार्डवरचे पगार हे तिथल्या सरकारी मदत घेणाऱ्या मुलांचे असतात, आपली मुलं त्यात नसतातच. ब्रिटनच्या डिस्कव्हर युनी ह्या साइटवर कोर्स संपल्यावर १५ महिन्यांनी काय चाललंय ते दिसतं, ते बऱ्यापैकी कामाचं आहे. कुठली कंपनी व्हिसा देते ते बघायला ब्रिटन सरकारची परवानाधारक स्पॉन्सर्सची यादी सगळ्यांना खुली आहे, अमेरिकेत एच-वन-बी एम्प्लॉयर डेटा हब आहे, तिथे कंपनीचं नाव टाकलं की कळतं.

मग कोर्सचे विषय वाचा. पहिल्या वर्षी गणित-स्टॅट किती, इकोनोमेट्रिक्स (इकॉनॉमिक्समधलं स्टॅट) सक्तीचं आहे का, थोडं कोडिंग आहे का. मधे एक वर्ष इंडस्ट्रीत काम करायची सोय आहे का. अमेरिकेत आणखी एक विचारायचं: बिझनेस स्कूलला थेट प्रवेश आहे की आधी युनिव्हर्सिटीत शिरून दुसऱ्या वर्षी परत अर्ज करायचा? दुसऱ्या प्रकारात मूल बाहेर राहिलं तर खर्च तोच आणि हातात भलताच मेजर (मुख्य विषय).

पायरी ५: पैसे, आणि घराचे कागद

लंडनचा साधारण हिशोब: फी ३०,००० पौंडच्या आसपास, राहणं-खाणं १५-१६ हजार, पौंड ११८ रुपये धरला तर वर्षाला ५४ लाख, तीन वर्षांचे दीड कोटीच्या वर. हेल्थ सरचार्ज ७७६ पौंड दर वर्षाचा, तो सगळा आधीच भरावा लागतो. अमेरिकेतल्या मोठ्या खासगी युनिव्हर्सिटीत वर्षाला ९०,००० डॉलरच्या वर जातं. रुपया घसरणार हे धरूनच चला, पुढच्या प्रत्येक वर्षाला चार-पाच टक्के वाढवा.

मग माझी एक कसोटी आहे आणि मी ती प्रत्येक घराला लावायला सांगते. मूल भारतात परत आलं तर कर्जाचा हप्ता इथल्या पगारातून फिटेल का? १ कोटी कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षं, तर हप्ता महिना १ लाख ३२ हजार. मुंबईत किंवा गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत नव्याने लागलेल्याला हा झेपणार नाही. तेव्हा कर्ज तेवढंच घ्या जेवढं परत आल्यावरही फिटेल, बाकी स्कॉलरशिप किंवा घरची बचत, आणि ते जमत नसेल तर देश बदला. रिटायरमेंटच्या पैशाला हात लावू नका, हे मी हात जोडून सांगते.

स्कॉलरशिपचं म्हणाल तर हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राऊन, ॲमहर्स्ट, बोडन, नोत्र दाम अशा थोड्या ठिकाणी परदेशी मुलाची ऐपत न बघता प्रवेश ठरवतात आणि लागेल तेवढी मदत देतात. प्रवेश अतिशय अवघड, पण मूल तेवढं हुशार असेल तर "आपल्याला परवडणार नाही" म्हणून सोडू नका. बाकी बऱ्याच ठिकाणी मदत मागितली तर प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होतो.

कर्जासाठी तारण लागलं तर कागद आत्ताच काढा. आपल्या जुन्या वाड्यांचं सगळ्यांना माहितीच आहे, घर अजून आजोबांच्या नावावर, प्रॉपर्टी कार्डावर काका, आत्या सगळ्यांची नावं, एक आत्या नागपूरला, एक काका अमेरिकेत. बँकेचा वकील टायटल क्लिअर म्हणणार नाही, हक्क सोडल्याचं रजिस्टर्ड दस्त मागणार, आणि त्यात सहा-आठ महिने सहज जातात, तेवढ्यात फी भरायची तारीख उलटते. मूल अकरावीत असतानाच भावंडांनी बसून हे उरकून टाकावं. फ्लॅट स्वतःच्या नावावर असेल तर काम लवकर होतं. बाहेर पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांच्या वर टीसीएस (बँक आधीच घेते तो टॅक्स) लागतो, पण बँकेच्या एज्युकेशन लोनमधून गेले तर लागत नाही. एज्युकेशन लोनच्या व्याजावर इन्कम टॅक्सची वजावट आठ वर्षं मिळते, फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत.

पायरी ६: अर्जाचं टाईमटेबल

ब्रिटनचा अर्ज यूकॅस ह्या साइटवर, पाच जागा निवडता येतात, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधलं एकच. त्या दोघांची तारीख १५ ऑक्टोबर, बाकीच्यांची जानेवारीत. २०२६ च्या प्रवेशापासून पर्सनल स्टेटमेंटऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची, मिळून ४,००० कॅरेक्टर. केंब्रिज आणि एलएसईच्या इकॉनॉमिक्सला टीएमयूए ही गणिताची प्रवेश परीक्षा आहे: दोन पेपर, प्रत्येकी ७५ मिनिटं, २० प्रश्न, कॅल्क्युलेटर नाही. आपल्या पाठांतराच्या सवयीला ती चांगलीच नडते, सूत्रं नवीन काही नसतात पण "हे विधान कधी खोटं ठरेल" असले प्रश्न असतात. बारावीच्या आधीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज एक तास दिला तर जमतं.

अमेरिकेचा अर्ज कॉमन ॲप ह्या साइटवर, अर्ली म्हणजे लवकरच्या अर्जाची तारीख बहुतेक १ नोव्हेंबर, रेग्युलर जानेवारीच्या सुरुवातीला. अर्ली डिसिजन म्हणजे मिळालं तर जायलाच लागतं, त्यामुळे पैशाचा हिशोब न करता तिथे टिक करू नका. एसएटी ही प्रवेश परीक्षा परत बऱ्याच मोठ्या ठिकाणी सक्तीची झालीये, अकरावीतच देऊन टाका.

शाळेचं काम वेगळं. प्रेडिक्टेड मार्क (बारावीत किती पडतील त्याचा अंदाज) आणि रेफरन्स लेटर द्यायची गुजरात बोर्डाच्या शाळांना सवय नसते. जूनमध्येच प्रिन्सिपल सरांना किंवा बाईंना भेटा, नमुना छापून न्या, शाळेचा ईमेल चालू आहे ना ते बघा, कारण युनिव्हर्सिटी थेट त्यांनाच लिंक पाठवते आणि ती कोणी उघडतच नाही असं होतं.

एजंटबद्दल थोडक्यात. अलकापुरी-रेसकोर्स भागात कन्सल्टंटची ऑफिसं भरपूर आहेत, काही मेहनतीने काम करतात. पण "आमची सर्व्हिस फ्री" असेल तर पैसे युनिव्हर्सिटी देतेय, आणि जी कमिशन देत नाही तिचं नाव त्यांच्या यादीत शेवटी येतं किंवा येतच नाही. आपली यादी आपण करून न्यायची आणि फॉर्म-व्हिसाच्या कागदांपुरती मदत घ्यायची.

पायरी ७: ऑफर आल्यानंतरचा उन्हाळा

फायनान्समध्ये रिक्रूटिंग इतकं लवकर सुरू होतं की आपल्या मुलांना झेपत नाही. लंडनच्या बँकांचे स्प्रिंग वीक (बँकेतली आठवडाभराची छोटी इंटर्नशिप) पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी असतात, त्याचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उघडतात, म्हणजे मूल सामान सोडवतंय तोवर. स्प्रिंग वीक झालेल्यांनाच पुढच्या वर्षीच्या समर इंटर्नशिपला आधी बोलावतात आणि इंटर्नशिपमधूनच पक्की नोकरी मिळते. अमेरिकेत दुसऱ्या वर्षातच तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याचे इंटरव्ह्यू होतात. तेव्हा बारावीचा निकाल ते विमान ह्या दोन-तीन महिन्यांत एका पानाचा सीव्ही तयार पायजे, न्यूमेरिकल टेस्टची प्रॅक्टिस झालेली पायजे, बॅलन्स शीट आणि कॅश फ्लो एकमेकांना कसे जोडलेत ते तोंडी सांगता आलं पायजे. कॉमर्सच्या मुलांना हे शेवटचं सोपं जातं, सायन्सवाल्यांनी एखाद्या ओळखीच्या सीएकडे महिनाभर बसावं, एका लिस्टेड कंपनीचा ॲन्युअल रिपोर्ट त्याच्याबरोबर पूर्ण वाचावा. आणि लिंक्डइनवर वहीत उतरवलेल्या त्या चार-पाच जणांना जायच्या आधी साधा नम्र मेसेज करा, दोन-तीन ओळींचा, बडोद्याहून येतोय, अमुक कोर्सला लागलोय, पहिल्या टर्ममध्ये कुठल्या सोसायटीत (विद्यार्थ्यांच्या क्लबमध्ये) नाव घालावं एवढंच विचारायचं. बरेच जण उत्तर देतात.